एक्केचाळीस मणी

१ मार्च १९७१, सोमवार

आज सकाळची कॉफी पिता पिता मालक म्हणाले, "गुन्वोर, माझे गुडघे संपले. दुकान विकतोय."

एकोणीस वर्षं मी या ड्रायक्लीनच्या दुकानात काउंटरवर उभी आहे. कपडा घ्यायचा, चिठ्ठी टाचायची, कपडा द्यायचा, हसायचं. मागची खोली मालकांची. तिथे मशीन, तिथे पिंपं, तिथला तो गोडसर वास. माझी हद्द पडद्यापर्यंत.

"कुणाला विकताय?"

"बर्गनहून एक जण येऊन गेला. त्याला इथे सॉसेजचं दुकान काढायचंय."

सॉसेज! माझ्या काउंटरवर मोहरीच्या सॉसचे ओघळ! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मला द्या."

मालक चष्म्यावरून बघत राहिले. (त्यांचं नाव एलिंग, पण मी ते कधी त्यांच्यासमोर घेतलेलं नाही.) "तुला मशीन येतं?"

"शिकेन."

"वय किती तुझं?"

"सत्तेचाळीस. पण गुडघे ठणठणीत आहेत."

त्यावर ते हसले आणि अट घातली. ते मला पंधरा दिवस शिकवणार, मग घरी बसणार. बुनादांचा हंगाम मी एकटीने काढायचा. सतरा मेला, देशाच्या राष्ट्रदिनी, बुनाद हा आमचा परंपरेचा पोशाख न घालता मिरवणुकीला जाणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे, तेव्हा सगळ्या गावाच्या आज्या-पणज्यांचे लोकरी पोशाख माझ्या हातात येणार. "सतरा मेपर्यंत एकही तक्रार माझ्या कानावर आली नाही तर किल्ली तुझी. एक जरी आली तरी सॉसेज."

मी हो म्हणून बसले. घरी येऊन सांगायला कुणी नाही, म्हणून ही वही काढली. भीतीने हो म्हटलं की आनंदाने ते उद्या ठरवीन.

३ मार्च, बुधवार

पहिला धडा. पिंपातल्या बाईसाहेबांशी ओळख झाली. पूर्ण नाव पर्क्लोरोएथिलीन. मालक म्हणतात, तेवढं नाव घेईपर्यंत कपडा वाळतो, म्हणून नुसतं पर्क.

दिसायला अगदी पाणी. मी ऐटीत बादली उचलायला गेले आणि खांदा निखळायची वेळ आली. पाण्याच्या दीडपटीहून जड! मालकांनी एका बरणीत पर्क आणि पाणी एकत्र ओतून दाखवलं. दोघं एकमेकांत मिसळतच नाहीत. पाणी वर तरंगतं, पर्क खाली बसतं, मधे काचेसारखी रेघ. रागावलेल्या जावा बऱ्या.

काडी लावली तरी पेटत नाही. मालकांचे वडील पेट्रोलसारख्या कशाने तरी कपडे साफ करायचे, तेव्हा एकदा दुकानाचं छप्पर शेजारच्या सफरचंदांच्या बागेत जाऊन पडलं होतं. "ही शहाणी आहे," मालक म्हणाले आणि पिंपावर थाप मारली.

मला वाटायचं ड्रायक्लीन म्हणजे कोरडंच काहीतरी. छे! कपडे चांगले न्हाऊन निघतात, फक्त पाण्यात नाही. लोकर पाण्यात गेली की आटते, गठ्ठा होते. पर्क लोकरीच्या धाग्याला त्रासच देत नाही, त्याच्यावर बसलेलं तूप-तेल तेवढं उचलून नेतं. मग घाण झालेलं पर्क उकळायचं, वाफ गार करायची, की पुन्हा स्वच्छ पर्क हजर. मळ तेवढा तळाशी काळ्या चिखलासारखा राहतो. माणसांना अशी सोय हवी होती.

४ मार्च, गुरुवार

गाळणी साफ करताना खाली वाकून बसले आणि थोड्या वेळाने मला सगळंच फार विनोदी वाटायला लागलं. मालकांनी दंडाला धरून बाहेर काढलं. "वाफ जड असते, जमिनीलगत साठते. खालची झडप उघडी ठेवायची, आणि डोकं हलकं झालं की बाहेर पळायचं. हसत बसायचं नाही."

बाहेर बर्फात उभी राहूनही पाच मिनिटं हसत होते. पुन्हा असा गाढवपणा नाही.

९ मार्च, मंगळवार

फेरीबोटीच्या इंजिनवरचा ऑडवार आज पहिल्यांदाच दुकानात आला. मंगळवारी त्याची सुट्टी असते. गणवेशाच्या जाकिटावर छातीपाशी हा एवढा कॉफीचा डाग.

"मशीनमध्ये टाकता येईल?" त्याने विचारलं.

नवशिक्याला शिकवायची हौस भारी. मी चांगलं व्याख्यान झोडलं. पर्क तेलाचं, चरबीचं, डांबराचं, मेणाचं. कॉफी, साखर, मुरंबा हे पाण्याच्या जातीचे डाग, त्यांना पर्क हिंग लावूनही विचारत नाही. ते आधी हातानेच काढावे लागतात, ओलं फडकं आणि साबण घेऊन, हळूहळू.

"किती वेळ लागतो?"

"अर्धा तास तरी."

"मग मी बसतो," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. अर्ध्या तासात बोलला तीन वाक्यं, त्यातलं एक हवेबद्दल. जाताना मात्र दोनदा आभार मानले.

१६ मार्च, मंगळवार

ऑडवार पुन्हा. या वेळी ब्लूबेरीचा मुरंबा, बाहीवर, कोपरापर्यंत. वॅफल खाताना सांडला म्हणे. कोपराने खातो की काय?

मालक आजपासून घरी. जाताना मशीनकडे बघून टोपी उचलली, माझ्याकडे बघून नाही.

२२ मार्च, सोमवार

पहिला घोटाळा. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा कोट मशीनमधून निघाला तो बटणांशिवाय. बटणांच्या जागी डिंकासारखे चार गोळे. मी मालकांच्या घरी पळत गेले. ते बशीतून कॉफी पीत होते, ढिम्म हलले नाहीत.

"प्लास्टिक," ते म्हणाले. "एका जातीचं प्लास्टिक पर्कमध्ये साखरेसारखं विरतं. शंका आली की बटण काढायचं, कपात थोडं पर्क घ्यायचं, तासभर बुडवून ठेवायचं. टिकलं तर टिकलं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सगळं आधी सांगितलं तर तू शिकणार कधी?"

मी कोटाला शिंगाची बटणं लावून दिली. म्हाताऱ्याने बघितली, खूश झाला, म्हणाला, धुतल्याने बटणंसुद्धा चमकली. ही तक्रार धरायची नाही असं माझं मी ठरवलं.

३० मार्च, मंगळवार

ऑडवारच्या जाकिटावर आज इंजिनचं काळं तेल. मी खूश. म्हटलं, "वा! हा खरा पर्कचा डाग. ठेवून जा, थांबायची गरजच नाही, उद्या कुणाला तरी पाठवा."

त्याचा चेहरा का पडला कळलं नाही. खुर्चीकडे बघत बघत गेला.

६ एप्रिल, मंगळवार

ऑडवार. मुरंबा. इतका वेंधळा माणूस बोटीचं इंजिन कसं सांभाळतो हा मला प्रश्न आहे. आम्ही सगळे त्याच बोटीने जातो-येतो.

अर्ध्या तासात आज सहा वाक्यं बोलला. त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली. घर मोठं आहे, खिडकीतून फ्योर्डचं पाणी दिसतं. मी म्हटलं, मला कशाला सांगताय, मला काही घर घ्यायचं नाही. तो म्हणाला, "नाही, सहज."

१४ एप्रिल, बुधवार

ईस्टर संपला आणि बुनाद सुरू झाले. आज एका दिवसात नऊ! आधी चांदीच्या पिना, साखळ्या काढून पाकिटात घालायच्या, चिठ्ठी लावायची. पांढरे एप्रन वेगळे, त्यांना पाण्यातच धुवायचं. मग लाल चोळी, काळा घागरा आणि छातीवरची मण्यांची पट्टी, ते पर्कमध्ये. आमच्या हार्डांगर भागातल्या बुनादाची सगळी शान त्या पट्टीत. आठ पाकळ्यांची फुलं, बारीक काचेच्या मण्यांची.

प्रत्येक पट्टीचे दोन-चार मणी मी कपात बुडवून बघते. बायका डोळे वटारतात. "अगं, काचेचेच आहेत!" मी म्हणते, असतील, पण माझ्या कपाला खात्री करून घेऊ दे. आज बेकरीवालीच्या पट्टीतला एक मणी विरला. ती इतकी लाल झाली की मीच म्हटलं, या मण्यात काही वाईट नाही, फक्त तो कोरडा ब्रश मागतो. ती पट्टी नुसती झटकून देणार.

२८ एप्रिल, बुधवार

आज साक्षात ब्रेक्केबाई आल्या.

बुनादातलं गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि त्यांना कळतं हे सगळ्यांना कळवल्याशिवाय त्या राहत नाहीत. सतरा मेला चौकात उभ्या राहून एकेकीला न्याहाळतात. गेल्या वर्षी एका पोरीला बुनादावर काळा चष्मा घातला म्हणून भर मिरवणुकीतून घरी पाठवली होती. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या बुटांचे बक्कल चुकीचे निघाले. मी खांबामागे उभी राहून राष्ट्रगीत म्हटलं.

"ईस्टरला बारशात कुणीतरी माझ्यावर ग्रेव्ही सांडली," बाई म्हणाल्या. "ऐन पट्टीवर! नीट कर हं, गुन्वोर. यंदा एलिंग नाही म्हणून मी जरा धास्तावलेच आहे. आणि अख्खा गाव माझ्याकडे बघून ठरवणार आहे, तुला जमतं की नाही."

मी कसंबसं विचारलं, "मणी... काचेचेच ना?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. "माझ्या पणजीचे मणी आहेत ते!"

आणि मी कप फडताळात ठेवला. खरं सांगते, हिंमतच झाली नाही. ज्यांच्याकडून गाव शिकतो त्यांचे मणी कोण तपासणार?

एक गंमत सापडली. मागच्या खोलीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कामाचं कार्ड असतं; बाईंच्या जुन्या कार्डांवर मालकांनी दर वर्षी फक्त दोन शब्द लिहिले आहेत: "ब्रश, हवा." मशीनचं नावच नाही. पुऱ्या सतरा वर्षांची कार्डं तशीच. म्हातारा इतका आळशी असेल असं वाटलं नव्हतं. मी मात्र नीट करणार.

११ मे, मंगळवार

संपलं सगळं.

बाईंचा बुनाद आज मशीनमध्ये घातला. ग्रेव्ही गेली, अशी गेली की नावनिशाणी नाही. घागरा नवा झाला. आणि पट्टी हातात घेतली तर खालच्या फुलाच्या दोन पाकळ्याच नाहीत. तिथे लालसर, चिकट पापुद्रा. लोंबणारे दोरे. बाकी सगळे मणी जागच्या जागी, लखलखीत.

मी फरशीवर बसले, मग आठवलं वाफ खाली असते, म्हणून उठून स्टुलावर बसले आणि तिथे रडले. काच विरली! मशीन फार तापवलं का मी? पर्क खराब झालं का? मालकांच्या हातून कधी काच विरली नाही.

ऑडवार आला तेव्हा डोळे पुसून बाहेर गेले. कॉफीचा डाग. अर्धा तास घासत राहिले. शेवटी तो म्हणाला, "डाग मघाशीच गेला, गुन्वोर. आता कापड जाईल."

मोहरीचा वास यायला लागलाय मला.

१२ मे, बुधवार

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. कप काढला. पट्टीच्या कडेचा एक मणी, मधल्या फुलाचा एक मणी, आणि त्या चिकट पापुद्र्यात अर्धवट उरलेला एक, तिन्ही पर्कमध्ये टाकले. काउंटरवर जाऊन दोन घागरे दिले, तीन घेतले, परत आले. दोन मणी तळाशी जसेच्या तसे. तिसरा नव्हताच. कपात फक्त गुलाबी झालेलं पर्क.

काच नाही विरली. काच विरतच नाही! पणजीच्या मण्यांमध्ये प्लास्टिकचे मणी होते.

पहिल्यांदा मी खोलीभर नाचले. माझी चूक नाही! मग स्वच्छ पर्कचा बोळा घेऊन तो पापुद्रा पुसायला बसले. ज्याने बिघडवलं त्यानेच निस्तरलं, कापडावर काही राहिलं नाही. मग रिकाम्या दोऱ्यांच्या खुणा मोजल्या. एक्केचाळीस.

मोजता मोजता नाचायचं बंद झालं. कारण आता मला दोन रस्ते आहेत. एक, बाईंना चारचौघांत सांगायचं की तुमच्या पणजीच्या छातीवर प्लास्टिक होतं. मी सुटले, दुकान माझं. आणि बाई? काळ्या चष्म्याच्या पोरीपासून माझ्या बकलांपर्यंत सगळा गाव त्यांच्यावर तुटून पडेल. त्या पुन्हा चौकात उभ्या राहणार नाहीत.

कबूल करते, अर्धा तास मला हाच रस्ता फार आवडला. त्यांना मागे उभं करायला एक खांब पण ठरवून ठेवला मी.

पण मग बेकरीवालीची ती लाल लाल मुद्रा आठवली. तिला मी वाचवलं, कारण ती गरीब स्वभावाची. बाई तोऱ्याच्या आहेत म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडायचं? असा कुठला न्याय?

दुसरा रस्ता: एक्केचाळीस काचेचे मणी आणायचे, शिवायचे, गप्प बसायचं. शनिवारी बाई न्यायला येणार.

१३ मे, गुरुवार

लोकर-दोऱ्याच्या दुकानात गेले. मणी आहेत. सगळे प्लास्टिकचे! बर्गनहून मागवायला आठवडा. तीन घरी विचारलं, काहीतरी थाप मारून. कुणाकडे नाहीत.

परतताना धक्क्यावर ऑडवार दिसला, बोटीपाशी. "मंगळवारी काय झालं होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "बरं," आणि तसाच उभा राहिला. हा माणूस असा उभा राहतो की सांगावंच लागतं. सगळं सांगितलं. वर शपथ घातली.

त्याने फक्त विचारलं, "कुठला रंग?"

"लाल. आणि नऊ पांढरे."

"बरं," म्हणाला आणि इंजिनकडे गेला. याला काय कळणार मण्यांतलं!

१४ मे, शुक्रवार

दुपारी दोनला दाराची घंटी वाजली. ऑडवार, कामाच्या कपड्यात, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर मण्यांची पट्टी. जुनी, घरची, काचेची. लाल आणि पांढरी.

"आईची," तो म्हणाला. "उसव."

"वेड लागलंय का तुम्हाला? आईची पट्टी कुणी उसवतं?"

"मला बहीण नाही. कपाटात पडून आहे. तुझ्या कामाला आली तर आईला आवडेल." मग बुटांकडे बघत म्हणाला, "तशी ती म्हणायची, ही पट्टी घरात येणाऱ्या बाईसाठी आहे. पण तोवर थोडे मणी कमी झाले तर चालेल."

मी म्हटलं, येणारी बाई मणी मोजून घेईल, मग बसा बोंबलत. तो म्हणाला, "नाही बोंबलणार."

मी उसवत होते, तो सुईत दोरा ओवून देत होता. इतकी जाड, तेलकट बोटं, आणि एका फटक्यात दोरा आत! मी चष्मा लावूनही चारदा चुकते. तेवढ्यात धक्क्यावरून भोंगा. पुन्हा भोंगा. मी म्हटलं, "अहो, तुमची बोट!"

"माझ्याशिवाय सुरू होत नाही," तो शांतपणे म्हणाला आणि पुढची सुई घेतली.

शेवटचा मणी लागला तेव्हाच उठला. फेरी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, असं लोक सांगतात.

काय द्यायचं विचारलं तर नको म्हणाला. इतका काटकसरी माणूस, नवलच आहे. शेवटी मी ठरवलं, त्याचं जाकीट वर्षभर फुकट.

"म्हणजे वर्षभर यावं लागेल," तो म्हणाला.

"यावंच लागेल, इतके डाग पाडता तुम्ही!"

यावर तो एकटाच हसत गेला. कशाला ते कळलं नाही.

१५ मे, शनिवार

ब्रेक्केबाई आल्या. मी पट्टी काउंटरवर पसरली. बाईंनी आधी ग्रेव्हीची जागा बघितलीच नाही. त्यांचा अंगठा थेट खालच्या फुलावर गेला. त्या दोन पाकळ्यांवर थांबला.

मग बाईंनी पट्टी उचलली आणि ते मणी दातांवर टेकवले. टिक, टिक. काच दातांवर वाजते, प्लास्टिक वाजत नाही. त्यांना ते माहीत होतं. माहीत असणारच.

दुकानात आम्ही दोघीच. त्या हळूच म्हणाल्या, "चाळीस होते ना?"

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

"एक्केचाळीस." त्या खुर्चीत बसल्या, ऑडवारच्या. "चोपन्न साली थोरलीने पाळण्यातून ओढली होती पट्टी. काही मणी फरशीच्या फटीत गेले, काही पोरीच्या पोटात. पोटातले दोन दिवसांनी मिळाले." त्यांनी पट्टी मांडीवर सरळ केली. "पण ते पुन्हा छातीवर शिवायची माझी हिंमत झाली नाही गं."

मी खूप प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण आधी बाईच फिस्सकन हसल्या, मग मी, आणि आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

जाताना त्यांनी विचारलं, "हे कुणाचे?"

"एका घरात येणाऱ्या बाईचे," मी म्हटलं. "तिने अजून मोजलेले नाहीत."

बाईंनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि बुनाद हातावर घेऊन निघाल्या.

१६ मे, रविवार

मन खाऊ लागलं. तक्रार आली नाही, पण घोटाळा तर झाला. चर्च सुटल्यावर मालकांकडे गेले आणि म्हटलं, "बाईंच्या पट्टीला मशीनमध्ये इजा झाली. कशी ते सांगणार नाही. दुरुस्त केली आहे. तुम्हाला सॉसेज हवं असेल तर सॉसेज."

"तक्रार कुणी केली?"

"कुणी नाही. मीच करते आहे."

"तू गिऱ्हाईक आहेस का?" मालकांनी बशीत कॉफी ओतली. "किती विरले?"

मी उडालेच. "तुम्हाला माहीत होतं? 'ब्रश, हवा'... सतरा वर्षं!"

"कप माझ्याकडेही होता."

"मग मला सांगितलं का नाही? माझं दुकान जात होतं!"

"दुसऱ्याच्या मण्यांची गोष्ट मी तुला का सांगू? कार्डावर लिहून ठेवलं होतं, तुला वाटलं म्हातारा आळशी." हे त्यांना कसं कळलं देव जाणे. "झाकली मूठ सव्वा लाखाची, गुन्वोर. मशीन काय, कुणीही शिकतं. अजून कुणाला माहीत आहे?"

"ऑडवारला. मणी त्याच्या आईचे."

मालकांनी बशी खाली ठेवली. "तो नाही बोलणार. मार्चपासून त्याला स्वतःचंच बोलता आलेलं नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. केक घे."

१७ मे, सोमवार

ऊन! सफरचंदाच्या बागा पांढऱ्याशुभ्र, पोरांच्या हातात झेंडे, बँड नेहमीसारखा अर्धा सूर खाली. आणि समोरून येणारा प्रत्येक बुनाद माझ्या हातून गेलेला. मी छाती फुगवून उभी होते, खांबाच्या पुढे.

ब्रेक्केबाई चौकात. तेवढ्यात ती गेल्या वर्षीची पोरगी आली, तोच काळा चष्मा लावून. मुद्दामच. सगळे थांबले. बाईंनी बोट उचललं. मग तेच बोट पोरीच्या कॉलरपाशी नेलं, कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे आज." पोरगी इतकी गांगरली की तिने आपणहून चष्मा काढला.

मग बाई माझ्याकडे वळल्या आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुन्वोर, माझा बुनाद इतक्या वर्षांत असा स्वच्छ झाला नव्हता. एलिंग नुसती धूळ झटकून देत होता की काय!"

मालक त्यांच्या शेजारीच उभे. एक सुरकुती हलली नाही. "झालं असेल, बाई," ते म्हणाले. "म्हातारपण."

म्हणजे सतरा मेपर्यंत एकुलती एक तक्रार आली, ती मालकांविरुद्ध. त्यांनी टोपी उचलली, या वेळी माझ्याकडे बघून, आणि माझ्या हातात किल्ली ठेवली. मी त्यांना चौकातच मिठी मारली आणि म्हटलं, "थँक यू, एलिंग." एकोणीस वर्षांनी.

ऑडवार धक्क्याकडे उभा होता, सूटमध्ये, दुरून. हात हलवला. सूटवर एक डाग नव्हता. म्हटलं, चला, सणाच्या दिवशी तरी.

१८ मे, मंगळवार

माझ्या दुकानाचा पहिला दिवस. हे वाक्य तीनदा लिहिणार होते, एकदाच लिहिते.

अकराला ऑडवार आला, जाकीट घेऊन. मी सवयीने ओलं फडकं हातात घेतलं आणि जाकीट उलटंपालटं केलं. छाती, बाह्या, कॉलर, पाठ. खिशांच्या आतसुद्धा बघितलं.

"डाग कुठे आहे?"

"नाही."

"मग आणलंत कशाला?"

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग एका दमात म्हणाला, "घरातला मुरंबा संपला, गुन्वोर. आता काय सांडू?"

मी जाकीट धरून उभी. सगळे मंगळवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. मुरंबा. कॉफी. तेल पडलं तेव्हा पडलेला चेहरा. अर्धा तास. फ्योर्ड दिसणारी खिडकी. घरात येणाऱ्या बाईची पट्टी, जिचे एक्केचाळीस मणी मी माझ्या हाताने उसवले. कुठला डाग कशाने जातो हे गावाला शिकवत बसले होते मी!

डोकं इतकं हलकं झालं की आधी खालची झडप उघडी आहे ना ते बघून आले. उघडी होती. म्हणजे पर्क नव्हतं.

बाहेर आले. दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली. स्टोव्हवरून कॉफीची किटली घेतली, जाकीट काउंटरवर सरळ पसरलं, आणि त्याच्या उजव्या बाहीवर, नीट बघून, चांगली अर्धी वाटी कॉफी ओतली.

"याला हातानेच काढावं लागेल," मी म्हटलं. "वेळ लागेल. बस."